अक्षरं असलेली खाऊची कांडी

आतून नाव लिहिलेला खाऊ तुम्ही कधी पाहिलाय? इंग्लंडमध्ये समुद्रकाठी ब्लॅकपूल नावाचं गाव आहे. तिथे साखरेची गुलाबी कांडी मिळते. तिला म्हणतात 'रॉक'. कुठेही मोडा, आत गावाचं नाव दिसणारच! कारागीर साखरेच्या घट्ट पाकाच्या रंगीत पट्ट्यांची मोठाली अक्षरं रचून लोडासारखा जाड गोळा करतात. मग तो ओढून ओढून बारीक कांडी करतात. अक्षरं लहान होतात, पण पुसत नाहीत.

ब्लॅकपूलला १८४६ साली रेल्वे आली. पुढे आसपासच्या कापडगिरण्यांतले कामगार बायकामुलांसह तिथे सुट्टीला जाऊ लागले. उन्हाळ्यात एकेका गावातल्या सगळ्या गिरण्या एकदमच बंद राहत. मग काय, वाळूत किल्ले बांधायचे, तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड काप मीठ-व्हिनेगर घालून कागदातूनच गरमगरम खायचे, आणि परतताना रॉक घ्यायची!

पण या सुट्टीचा पगार मिळत नसे, बरं का! म्हणून घरोघरी वर्षभर पै-पै साठवत. १९३८ साली भरपगारी सुट्टीचा कायदा झाला, तेव्हा कुठे हे बदलू लागलं. म्हणजे त्या कांडीत गावाचं नाव होतं आणि आईबाबांचे कष्टही होते. फक्त ते वाचता येत नव्हते.

आता एक काम करा. आपल्या मागच्या सहलीसाठी पैसे कधीपासून साठवले होते, हे आज आईबाबांना विचारा. आणि पालकहो, तुम्हीही मोकळेपणी सांगा हं!