हरल्याचे दुःख की उतरलेली साखर?

वाचकहो, डॉक्टर आपली चूक सहसा चारचौघांत सांगत नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे, कारण ती आपल्या घरातही होऊ शकते.

१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार. भाऊबीज होऊन चारच दिवस झाले होते. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि भारत ओळीने १० सामने जिंकून तेथे पोहोचला होता. आमच्या आळीतल्या नानांच्या भाच्याने दोन तिकिटे मिळवली. दवाखाना बंद ठेवून मी आणि नाना आदल्या रात्री जळगावहून सुरतमार्गे निघालो. नाना साठीचे, १२ वर्षांपासूनचे मधुमेही आणि माझेच पेशंट.

सकाळी पोहे खाऊन आम्ही मैदानात जाऊन बसलो. दुपारी २ ला खेळ सुरू झाला. नाना पाणी प्यायला उठले आणि नेमका रोहित शर्मा ४७ वर बाद झाला. झाले! "डॉक्टरसाहेब, मी उठलो की विकेट जाते," असे म्हणून नाना जे बसले ते बसलेच. कोहलीच्या ५४ आणि राहुलच्या ६६ धावा झाल्या, तरी डाव २४० वर आटोपला. संध्याकाळी ऑस्ट्रेलियाचे ३ गडी ४७ धावांत गेले. आता नानांना जागा सोडायचीच नव्हती. जेवण राहिले, पण ७ च्या सुमारास मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी आठवणीने घेतली.

पुढे हेड आणि लाबुशेन यांची १९२ धावांची भागी झाली. ९० हजारांहून अधिक माणसे गप्प झाली. नानाही गप्प झाले. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "नाना, खेळ आहे. हारजीत चालायचीच."

हीच माझी चूक. थोड्या वेळाने नानांनी अडखळत विचारले, "सचिन आला का बॅटिंगला?" सचिन २०१३ सालीच निवृत्त झालेला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे पराभवाचे दुःख नव्हते, नानांची साखर उतरली होती! पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात गोड थंड पेय होते. ते मागून घेऊन घोट घोट पाजले. १५ मिनिटांत नाना ताळ्यावर आले आणि म्हणाले, "हेड आउट झाला का?" झाला होता. पण तेव्हा ऑस्ट्रेलियाला २ च धावा हव्या होत्या.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवतच राहतात. म्हणून अशी गोळी घेतली की जेवण चुकवू नये. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. तपासायचे यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा द्यावी आणि बरे वाटताच जेवायला घालावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

हृदयाचेही तसेच आहे. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी तपासल्या, तेव्हा जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीचपटीहून अधिक आढळले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका अधिक. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना तर जर्मनी जिंकली होती, तरी रुग्ण वाढलेच. हार असो की जीत, शरीराला ताण तो ताणच!

माझे स्पष्ट मत असे की, सामन्याच्या दिवशी घराघरांत बोलले जाणारे "काही नाही, मॅचचे टेन्शन आहे" हे वाक्य धोक्याचे आहे. मी डॉक्टर असूनही तेच बोललो. छाती दाबल्यासारखी होणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम येणे ही लक्षणे दिसली तर शेवटच्या षटकाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. स्कोअर नंतरही कळतो.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसचा अंतिम सामना नानांनी घरीच पाहिला. आधी जेवले, मग गोळीची आठवण मला फोनवरून सांगितली आणि खिशात खडीसाखर ठेवून टीव्हीसमोर बसले. मध्ये दोनदा उठलेही. तरी भारत ७ धावांनी जिंकलाच!