धरणी कोपत नाही, खडक सरकतो

भूकंप झाला की आपल्या वस्त्यांतून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. कोणी म्हणते, पाप वाढले म्हणून धरणी कोपली. कोणी म्हणते, शेषाने फणा हलवला. लहान मुले हेच खरे धरून मोठी होतात. म्हणून भूकंपामागचे खरे कारण आम्ही आज साध्या शब्दांत मांडत आहोत.

जमिनीखालच्या खडकावर सतत बळ येत असते. ते सोसवेनासे झाले की खडक तुटतो आणि तुटलेल्या बाजू एकमेकींवरून सरकतात. याला प्रस्तरभंग म्हणतात. नुसती भेग पडली, बाजू सरकल्या नाहीत, तर तो प्रस्तरभंग नव्हे.

मुलांना जवळ बसवा. धुण्याच्या साबणाची वडी तिरकी कापा आणि तुकडे पुन्हा जुळवा. आता तुकडे दोन दिशांना ओढा. कापावर टेकलेला वरचा तुकडा खाली घसरेल. हा सामान्य प्रस्तरभंग, तो ताणाने होतो. पूर्व आफ्रिकेतील प्रचंड खचदरी अशाच ताणाने खचत गेली. तुकडे एकमेकांकडे दाबा, वरचा तुकडा वर चढेल. हा उलटा प्रस्तरभंग, तो दाबाने होतो. तिसऱ्या प्रकारात दोन बाजू शेजारून पुढे-मागे सरकतात. हा आडवा प्रस्तरभंग, त्यामागे कातरीच्या पात्यांसारखे उलटसुलट बळ असते. कॅलिफोर्नियात १९०६ साली सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरची कुंपणे तुटून काही ठिकाणी ५ ते ६ मीटर बाजूला गेली होती.

यातले दोन प्रकार महाराष्ट्राने भोगले आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला जो हादरा बसला तो आडव्या प्रस्तरभंगाचा. धरणात साठलेल्या पाण्याचा दाब खोल भेगांत पोचला आणि खडकांची पकड सैल झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप उलट्या प्रस्तरभंगाचा. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. तो दाब दख्खनच्या खडकातही साठतो.

घर्षणामुळे खडक वर्षानुवर्षे अडकून राहतात आणि एका क्षणी सुटतात. तो दिवस, ती वेळ आधी सांगण्याची विद्या आजही कोणाजवळ नाही. तेव्हा पंचांग उघडून भूकंपाची तारीख सांगणाऱ्याच्या हातावर एक पैसाही ठेवू नका.

किल्लारी परिसरात १० हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांचा जीव घेतला तो घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचा भार झोपेतल्या माणसांवर कोसळला. खडकाला आपण अडवू शकत नाही, भिंत मात्र नीट बांधू शकतो. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळयांसह काँक्रीटचा सलग पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवला, तर भिंती एकमेकींना धरून राहतात. छतावर मातीचा भार नको.

बंधू-भगिनींनो, गावी किंवा शहरात घर बांधायला काढाल तेव्हा गवंड्याला या पट्ट्याबद्दल आधी विचारा. रंग आणि फरशी पुढच्या वर्षीही होईल. पट्टा मात्र भिंत उभी राहतानाच घालायचा असतो.