गिनीपिगचा तळवा आणि गळ्याची गाठ

आकुर्डीत आमच्या शेजाऱ्यांकडे मुलांनी गिनीपिगची जोडी पाळली आहे. वडील चाकणला कंपनीत, कंत्राटी. परवा एकाचा मागचा तळवा लाल व सुजलेला दिसला, गळ्याखाली सुपारीएवढी गाठ. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाजायला ते निघाले होते. आम्ही अडवले. माणसाला चालणारे हे औषध पोटात गेले की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर काही दिवसांत दगावू शकते.

गळ्याची अशी गाठ बहुधा पुवाची असते. ती घरी पिळू नये, पशुवैद्यालाच दाखवावी. तळव्याचे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. पिंजऱ्याच्या जाळीवर जुने सुती कापड व वाळलेले गवत अंथरा, ओले झाले की लगेच बदला. माणसाप्रमाणेच या प्राण्याचे शरीर 'क' जीवनसत्त्व तयार करीत नाही. ते कमी पडले की जखम भरत नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर द्या. (काड्यासुद्धा चालतात, मंडळी!)

शेजाऱ्यांनी एक खाडा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पू काढला, दुसऱ्याला वेगळे ठेवायला सांगितले. पायाची सूज अजून आहे.