आठवडे कोण मोजतं?

२८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचा ईईजी काढला, की आधी लाटांचा झपाटा दिसतो. मग कित्येक सेकंद जवळजवळ सपाट रेघ. मग पुन्हा लाटा. त्या वयाला हे ठीकच आहे. संथ लाटेवर बारीक, जलद लाटांचा झुपका दिसला, ज्याला डॉक्टर डेल्टा ब्रश म्हणतात, तर उलट चांगलं. पण असाच आलेख पूर्ण दिवसांच्या बाळाचा निघाला, तर डॉक्टरांच्या काळजाचा ठोका चुकेल. मधला फरक फक्त आठवड्यांचा.

आणि तेच आठवडे आपल्याकडे अंदाजाने लिहिले जातात.

बुऱ्हाणपूरकडच्या जसोंडीसारख्या गावात आठवडे मोजण्यासाठी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, तर उत्तर तिथीत किंवा सणात येऊ शकतं. ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’ म्हटलं तर निभावतं. पोळा गावात सगळ्यांचा एकाच दिवशी. ‘श्रावण वद्यात’ म्हटलं की घोळ. मराठी घरातला महिना अमावस्येला संपतो, हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, म्हणून तिथल्या दवाखान्यात कारभार हिंदीत. लिहिणाऱ्या ताईंचं पंचांग पौर्णिमान्त असेल, तर त्यांच्या हिशोबाने श्रावणाचा कृष्ण पक्ष महिनाभर आधीच होऊन गेलेला असतो. गरोदरपणाच्या कार्डावर चार आठवडे जास्त चढतात. २८ आठवड्यांचं बाळ ३२चं ठरतं, आणि त्याच्या मेंदूची वयाला साजेशी शांतता आजार वाटू शकते.

वजन आहे ना, असं कुणी म्हणेल. वजनावरून बाळ लवकर आलं की पोटात वाढलंच नाही, हे कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा १८व्या वर्षापर्यंत माग ठेवला. त्यांत दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशी मुलं बुद्ध्यांकात मागे पडलेली दिसली. ही मुलं वेगळी ओळखायची, तर आठवडे माहीत हवेत.

आठवडे सर्वांत नेमके कळतात पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत. चूक फार तर आठवडाभराची. शेवटच्या तीन महिन्यांत ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मोफत तपासणी कुणासाठी आखली आहे? चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांसाठी. नेमकी वेळ निघून गेल्यावर सरकार दार उघडतं.

हे दार तीन महिने अलीकडे आणा. जसोंडीच्या बाईची पहिली सोनोग्राफी तिसऱ्या महिन्याच्या आत व्हायला हवी; फुकट, आणि जाण्यायेण्याच्या गाडीसकट. तोवर आशाताईंनी तारीख विचारताना जवळचा सणही विचारावा, आणि तो कार्डावर लिहावा.