रात्रपाळीतील एकाकी कामगार आणि आपली जबाबदारी

नागपूरच्या दक्षिण भागातील हुडकेश्वर येथून सायंकाळी डबा घेऊन उमरेड, बुटीबोरी वा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघणारा कामगार आपल्या परिचयाचा आहे. तो सकाळी सुखरूप परतेल, असे त्याचे कुटुंबीय गृहीत धरून चालतात.

१७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार दगावले. ११ एप्रिल २०२५ रोजी उमरेडच्या ॲल्युमिनियम कारखान्यातील स्फोटानेही अनेक घरे शोकात बुडाली. अशा दुर्घटनांची दखल वृत्तपत्रे व शासन घेतात. परंतु रात्री पंपघरात, बॉयलरपाशी किंवा बंद टाकीत एकटाच काम करणारा कामगार कोसळला, तर त्या घटनेला साक्षीदारही नसतो.

एकटेपणामुळे अपघात होतोच असे नाही. मात्र झालेला अपघात एकटेपणामुळे जीवघेणा ठरतो. विजेच्या धक्क्याने हृदय थांबल्यास पहिली काही मिनिटेच मोलाची असतात. रक्तस्राव आणि विषारी वायू यांच्या बाबतीतही उशीर घातक ठरतो. साधनांविना घाईने टाकीत उतरणारा सोबतीही त्याच वायूला बळी पडतो. म्हणून केवळ सोबत पुरेशी नाही. सोबत्याला प्रशिक्षण हवे.

हे शहाणपण आपल्या कायद्याला नवे नाही. टाकी सुरक्षित असल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र नसेल, तर आत उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व दोर जोडलेला पट्टा बांधावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. गंभीर धोक्याची रास्त भीती वाटल्यास ती मालकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क ही संहिता कामगाराला देते. पण उद्याच्या कामाची शाश्वती नसलेला कंत्राटी कामगार हा हक्क कितपत बजावू शकेल? खरा प्रश्न येथेच आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. एकट्याने करू नयेत अशा कामांची यादी फलकावर लावावी. रात्री ठरावीक वेळाने दूरध्वनी करून त्याची नोंद ठेवावी आणि उत्तर न आल्यास तत्काळ माणूस पाठवावा. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाईल लागतो का, हे आधीच तपासावे. दरवाजाची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रत्येकास ठाऊक असावे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकाद्वारे श्रमिकांचा कैवार घेतला. त्या वारशाचे स्मरण ठेवूनच विद्यमान पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये आपले नाव निवडले. एकटा पडलेल्यास उठविणारा कोणी नसणे ही केवढी आपत्ती आहे, हे उपदेशकाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. तुझा भाऊ कोठे आहे, हा परमेश्वराने काइनाला केलेला प्रश्न आज कारखान्याच्या दारातही उभा आहे.

आपल्यात कारखानदार आहेत, पर्यवेक्षक आहेत आणि कामगारही आहेत. १ मे रोजी श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा करताना प्रत्येकाने स्वतःस विचारावे: आज रात्री माझ्या कारखान्यात एकटे कोण आहे आणि त्याची चौकशी कोण करणार आहे? या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता यावे, हीच आपल्या प्रार्थनेची फलश्रुती ठरो.