औषधांची पिशवी हातातच हवी

मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा थेट अमेरिकेत आणि आई-वडील नागपुरात, हे चित्र आता घरोघरी आहे. त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर साठी-सत्तरी ओलांडलेले प्रवासी पुष्कळ दिसतात. संत्रा बर्फी, कुरडया, पापड यांचे वजन घरी तीनतीनदा होते. औषधे मात्र बऱ्याचदा मोठ्या बॅगेत तळाशी जातात. कारण एकच, ‘तपासणीत काढून घेतील’ ही भीती. ही भीती निराधार आहे आणि मधुमेह, हृदयरोग किंवा फिट्सच्या रुग्णाला ती महागात पडू शकते.

नियम का आहेत हे कळले की ते सोपे वाटतात. ऑगस्ट २००६मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला. शीतपेयाच्या बाटलीतले द्रव आणि स्फोटक यांतला फरक साध्या क्ष-किरण यंत्राला सहज कळत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात द्रव, जेल, क्रीम प्रत्येकी १०० मिलीपर्यंतच, असा नियम आला. मात्र प्रवासात लागणारी औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना त्यातून सूट आहे. ती वेगळी काढून दाखवावी लागतात, एवढेच. गोळ्यांना ही मर्यादा मुळातच लागू नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर इन्सुलिनचे पेन आणि सुयाही नेता येतात.

उलट इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकणे हाच धोका. सामानकक्षात ते गोठण्याची शक्यता असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी भरवशाचे राहत नाही. दिसायला ते पूर्वीसारखेच असू शकते, पण साखर आटोक्यात येत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीत राहिलेल्या इन्सुलिनचीही तीच गत. शिवाय बॅग एका शहरात आणि रुग्ण दुसऱ्या शहरात, असे झाले तर रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी चुकते. काही औषधे अचानक बंद झाली की त्रास एक-दोन दिवसांतच उफाळतो.

बॅटरीचा नियमही असाच. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. त्या पेटल्या तर केबिनमधले कर्मचारी आग विझवू शकतात, सामानकक्षात हात पोहोचत नाही. झोपेत श्वास अडखळणाऱ्यांच्या सीपॅप यंत्राच्या सुट्या बॅटऱ्यांनाही हेच लागू. प्राणवायूचा स्वतःचा सिलिंडर मात्र परस्पर नेता येत नाही. प्राणवायूची गरज असणाऱ्याने तिकीट काढतानाच विमान कंपनीशी बोलावे. पेसमेकर असलेल्याने कार्ड दाखवून हाताने तपासणी मागावी. दारातून जावेच लागले तर न थांबता पुढे जावे.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. उडत्या विमानातली हवा सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असावी तशी विरळ आणि कोरडी असते. शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांना वेदनेचा झटका येऊ शकतो. पाण्याची भरलेली बाटली अडू शकते, रिकामी अडत नाही. ती तपासणीनंतर भरून घ्यावी. प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा हे तर आलेच.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ती नेण्यासाठी आधी परवानगी लागते.

हे सगळे एका कागदावर अडते आणि त्या कागदाची जबाबदारी डॉक्टरांची आहे. शासकीय असो वा खासगी, घाईत खरडलेली चिठ्ठी शेजारच्या औषध दुकानदाराला वाचता येते, दोहाच्या किंवा न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याला नाही. रुग्णाचे पासपोर्टवरचे नाव, आजार, औषधांची मूळ नावे आणि मात्रा, सुया किंवा उपकरणे असल्यास त्यांचा उल्लेख, सही-शिक्का, हे सारे छापील इंग्रजीत देणे पाच मिनिटांचे काम आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे तसे प्रवासाचे पत्रही प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात मागितल्याबरोबर मिळाले पाहिजे. विमानतळानेही औषधांचा नियम मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा. कात्री-चाकूंच्या चित्रांशेजारी तेवढी जागा नक्कीच आहे.

तोवर घरच्यांनी एवढे करावे : औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामाला पुरून आठवडाभराची जास्त, पत्रासह एका वेगळ्या पिशवीत ठेवावीत. ती पिशवी खांद्याला असावी. बर्फी मोठ्या बॅगेत गेली तरी चालेल.