टेप घ्या, बाळाचं डोकं मोजा

मायबहिणींनो, आज्यांनो, बाळाच्या बापांनो,

शिलाई मशीनच्या खणात मापाची टेप असेल, ती बाहेर काढा. ओढून ओढून सैल झाली असेल तर नवी आणा. सैल टेप खोटं बोलते. घरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून टेप फिरवा. तीनदा मोजा. त्यातला मोठा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहा.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मताना साधारण 35 सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला दोन सेंटीमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक, आणि मग अर्धा. वर्षाच्या बाळाचा घेर 46 च्या आसपास जातो. एखादा सेंटीमीटर इकडे तिकडे असला म्हणून घाबरू नका, घराण्यातच मोठी डोकी असतात. पण आठवड्यात एक सेंटीमीटरहून जास्त वाढ झाली, तर वाट पाहू नका.

आपल्याकडे वाट पाहिली जाते. ‘पोऱ्यानं डोकं जरा मोठं शे, व्हई जाई बरं’ असं कुणी वडीलधारं म्हणतं आणि महिना निघून जातो. टाळू फुगलेली, कपाळावरच्या शिरा निळ्या दिसणाऱ्या, बाळ दूध ओकतंय, किरकिरतंय, मान धरत नाही, डोळे खाली वळलेले आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय. एवढं सगळं होईपर्यंत थांबायचं नसतं, म्हणून तर टेप.

लोक म्हणतात डोक्यात पाणी झालं, डॉक्टर म्हणतात हायड्रोसेफॅलस. हे पाणी सर्दीचं मुरलेलं नसतं. बाळंतिणीनं थंड खाल्लं म्हणून तर मुळीच होत नाही. त्या बाईला बोल लावणं आधी बंद करा. हे पाणी तुमच्या-माझ्याही डोक्यात आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूत ते दिवसाला जवळपास अर्धा लिटर तयार होतं आणि एका वेळी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं, म्हणजे दिवसातून तीन-चारदा सगळं बदलतं. मेंदूतल्या पोकळ्यांतून वाहत ते बाहेर येतं आणि रक्तात जिरतं. वाट बुजली तरी पाणी तयार व्हायचं थांबत नाही. पांझरेकाठी फडावर शेती केलेल्या माणसाला हे समजवायला नको. पाट चालू आणि सांडवा बुजलेला, मग पाणी उभ्या पिकात शिरणारच.

वाट बुजते ती अनेक कारणांनी. काही बाळांमध्ये ती जन्मतःच अरुंद असते. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत कधी रक्तस्राव होतो आणि त्याच्या गाठींनी मार्ग अडतो. कधी मेंदूतच मांसाची गाठ वाढते, कधी मेंदूज्वर होतो. आपल्या भागात सगळ्यात जास्त जपावं असं कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय. मूल दोन-तीन आठवडे बारीक तापानं कण्हतं, खेळत नाही, उलट्या करतं, मग सुस्तावतं. घरात कुणाला क्षय असेल आणि मुलाची अशी लक्षणं दिसली, तर गावच्या डॉक्टरांनी पुन्हा तापाचं औषध देऊन परत पाठवू नये, ही त्यांना हात जोडून विनंती. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बीसीजीची लस लहान मुलांना याच भयंकर प्रकारापासून पुष्कळ वाचवते. घरातल्या रुग्णाचा क्षय फुप्फुसाचा असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक गोळ्याही मिळतात, त्या मागून घ्या.

कवटी जुळलेल्या मोठ्या माणसाचं डोकं वाढत नाही, आतला दाब वाढतो. सकाळी उठताच ठणका, उलटी, धूसर दिसणं, गुंगी. याला पित्त समजून दिवस घालवू नका. म्हाताऱ्या माणसांत याचं आणखी फसवं रूप असतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणं, विसराळूपणा. घरचे म्हणतात, वय झालं. हकीम आणि अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी 1965 मध्ये दाखवून दिलं, की यातल्या काही रुग्णांच्या मेंदूत पाणी साठलेलं असतं आणि ते काढलं की माणूस पुन्हा चालू लागतो. सगळ्यांना गुण येत नाही, पण मेंदूचा फोटो न काढताच आजोबांना खाटेवर टाकणं बरोबर नाही.

आता उपचाराबद्दल. पाणी आटवणारं खात्रीचं औषध नाही. टाळूला डाग देऊन, लेप बांधून, गंडा घालून पाणी उतरत नाही. पोर मात्र भाजतं. लहान बाळाच्या टाळूवरून सोनोग्राफी होते, गरज पडली तर सीटी किंवा एमआरआय. मग शस्त्रक्रिया. मेंदूतून एक बारीक नळी कातडीखालून पोटात सोडतात, तिला शंट म्हणतात. तिच्यात एक झडप असते. अशी झडप 1956 मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या यंत्रकारागिरानं आपल्या आजारी मुलासाठी खपून बनवली. आज ही नळी आपल्याच देशात, उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला तयार होते. युगांडातल्या 195 मुलांवर केलेल्या अभ्यासात ही स्वस्त भारतीय नळी आणि अनेक पट महाग परदेशी नळी यांच्या वर्षभराच्या परिणामांत फरक दिसला नाही. हा अभ्यास 2005 मध्ये छापून आला. तेव्हा भारी नळी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. काही रुग्णांत दुर्बिणीनं मेंदूच्या आतच नवी वाट करून देतात, मग नळी लागतही नाही. कुणाला काय लागेल, हे मेंदूचे शल्यचिकित्सक ठरवतील.

‘मेंदूचं ऑपरेशन केलं की पोर मंद होतं’ ही भीती मला घराघरांत ऐकू येते. खरं उलट आहे. मूल मागे पडतं ते दाबाखाली दिवस काढल्यानं. एकदा दबून गेलेला मेंदू ऑपरेशननंतरही पूर्ण परत येईलच असं नाही.

नळी बसवली म्हणजे काम संपलं, असंही नाही. केळीच्या बागेत ठिबकची नळी चोकअप होते, तशी हीही होते. पुन्हा उलट्या, डोकेदुखी, गुंगी, किंवा ताप आणि नळीच्या वाटेवर लाली दिसली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 लावा. ऑपरेशनचे कागद आणि आधीचे फोटो एका पिशवीत घालून दारामागे टांगून ठेवा.

पैशाचं सांगतो. 2013 मध्ये त्रिपुरातल्या एका वीटभट्टी मजुराच्या लहानग्या मुलीचे फोटो जगभर छापले गेले. तिच्या डोक्याचा घेर 94 सेंटीमीटर झाला होता. मोठ्या दवाखान्यात न्या असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बापाजवळ पैसे नव्हते. फोटो पाहून मदत धावली, शस्त्रक्रिया झाल्या, घेर पुष्कळ उतरला, पण 2017 मध्ये मूल गेलं. खान्देशात तशी वेळ येऊ द्यायची नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शंटची शस्त्रक्रिया बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. नाशिकला किंवा मुंबईला पाठवलं तर त्याच दिवशी निघा. कापूस विकल्यावर बघू, असं म्हणू नका.

लग्न ठरलेल्या आणि नव्यानं लग्न झालेल्या मुलींसाठी एक निराळं सांगणं. पाठीवर गाठ घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांच्या डोक्यात पाणी होतं. ही गाठ कणा नीट न मिटल्यानं येते. बाळाचा पाठीचा कणा गर्भाच्या पहिल्या 28 दिवसांत मिटतो, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट कळण्याआधीच. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याआधी सुरू झाली तरच उपयोग. आधीचं मूल असं झालेल्या बाईला दसपट मात्रा लागते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. ज्यांचं आधीचं मूल असं होतं त्या स्त्रियांच्या 1991 च्या मोठ्या अभ्यासात, या गोळीनं पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्के घटला होता. गोळी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मागा.

साक्री-शिरपूरकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनो, तुमची बाळं सहा महिने कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. निघण्याआधी मोजा, कार्ड आणि टेप बिऱ्हाडात बांधा, फडावरही महिन्याला मोजा. आशाताईंनो, अंगणवाडीताईंनो, वजनाच्या काट्याशेजारी टेप टांगा. आणि आखाजीला लेकी नातवंडं घेऊन माहेरी आल्या की झोका बांधायच्या आधी, आज्यांनो, एकेका नातवंडाचं डोकं मोजून घ्या.